दोन दिवसांपुरती पाचर

मी एक जुनी पाचर आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट नम्रपणे सांगून ठेवते. या जगातले निम्मे प्रश्न विद्वानांनी सोडवले असतील, तर उरलेले निम्मे माझ्या भावकीने सोडवले आहेत. डुगडुगणारी टेबलं, आपोआप मिटणारी दारं, वाऱ्याने खडखडणाऱ्या खिडक्या, एका अंगाला कललेली कपाटं, सगळीकडे शेवटी बोलावणं आम्हालाच येतं. आता ‘सोडवले’ म्हणजे नेमकं काय केलं, असं कोणी खोदून विचारलं तर जरा पंचाईत होते. प्रश्न जिथल्या तिथेच असतो. त्याचा फक्त आवाज बंद होतो. पण आवाज बंद झाला की माणसं हात झटकून जेवायला जातात, त्यामुळे आमची कीर्ती टिकून आहे.

माझा जन्म एका खोक्याच्या फळीतून झाला. पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात कागद कापायचं मोठं लोखंडी मशीन आलं होतं, ते ज्या खोक्यातून आलं त्याच खोक्याची ही फळी. मशीन जुनंच होतं, दुसऱ्या कुणीतरी वापरून विकलेलं. ते मागच्या भिंतीशी उभं केलं आणि पहिलाच गठ्ठा कापताना ते डुगडुगलं. खालची एक फरशी किंचित बसकी होती आणि मशीनचा मागचा डावा पाय तिच्यावर नीट टेकत नव्हता.

मशीन चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. कागदाच्या पाचशे पानांच्या गठ्ठ्याला ते असे सरळ कापत की कडेवरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटे, म्हणून मास्तर. त्यांनी फळीचा तुकडा घेतला, चाकूने तासून एका टोकाला निमुळता केला, पायाखाली सरकवला आणि हातोडीचे दोन ठोके दिले. ते दोन ठोके हाच माझा नामकरणविधी.

“दोन दिवस टेकू दे,” मास्तर म्हणाले. “रविवारी सुट्टी आहे, फरशी काढून नीट बसवू.”

त्याला अकरा वर्षं झाली. या काळात सुमारे पावणेसहाशे रविवार आले आणि सुट्टी घेऊन गेले.

माझी तक्रार नव्हती. जमिनीवर पडल्या पडल्या मला माणसांचे पायच तेवढे स्पष्ट दिसत, वरचं सगळं अंधुक, पण पायांवरूनही माणसं कळतात. मास्तरांच्या डाव्या बुटाचा तळ आतल्या बाजूने झिजलेला होता, कारण कापताना ते त्या पायावर भार देत. मालकांचे बूट करकरत, त्यामुळे ते यायच्या आधी सगळे कामाला लागलेले असत. खिडकीपाशी खळ लावून पुठ्ठे चिकटवणाऱ्या मावशींच्या रबरी चपलेचा एक पट्टा निळा होता आणि एक हिरवा. तुटलेला पट्टा बदलायचा तर रंग कशाला जुळवायचा, असं त्यांचं म्हणणं. या तिघांवर कारखाना चालत होता. सकाळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मास्तर कापत, कारण तेव्हा खिडकीतून उजेड चांगला येई. दुपारनंतर ते पानं जुळवत आणि मावशींना हातभार लावत. अकरातली पहिली दहा वर्षं माझ्यावर मशीनचा एक पाय आणि सगळ्यांचा विश्वास असा दुहेरी भार होता, आणि मी तो पेलला. कधीतरी झाडताना मास्तर वाकून माझ्याकडे बघत आणि म्हणत, “शाबास.” तेवढं पुरे होतं.

त्यातल्या आठव्या वर्षाअखेरीस वरच्या मजल्यावर केस कापायचं दुकान निघालं. न्हाव्याने केस धुवायला तीन बेसिनं बसवली आणि त्यांचं पाणी आमच्या मागच्या भिंतीतून, आमच्या फरशीखालून बाहेरच्या गटारात सोडलं. दोन वर्षं ते शहाण्यासारखं गेलं. तिसऱ्या वर्षी फरशीखाली कुठेतरी नळीचा जोड सुटला आणि मला ओल लागू लागली.

मित्रांनो, आता कारखान्यात काय काय झालं ते ऐका. पुठ्ठे वाकडे होऊ लागले, तेव्हा मालकांनी खळ बदलली. खोलीत कुबट वास येऊ लागला, तेव्हा मालकांनी गुलाबाच्या वासाची बाटली आणून सकाळ-संध्याकाळ फवारली. मग गुलाबाला कुबट वास येऊ लागला. मागचं दार फुगून चौकटीत अडकू लागलं, तेव्हा सुताराला बोलावून ते वरून रंधून घेतलं. आणि गठ्ठे तिरके कापले जाऊ लागले, तेव्हा पात्याला धार लावून आणली. एकदा नाही, तीनदा.

प्रत्येक उपायानंतर मालक हात चोळत म्हणत, “चला, एक प्रश्न संपला.” चार प्रश्न त्यांनी असे वेगवेगळे संपवले. चौघेही एकाच घरचे आहेत हे मला खालून स्वच्छ दिसत होतं. पण पाचरीला कोण विचारतो? माझ्याभोवती कागदाच्या कातरणांचा ढीग साचे, तो पाणी पिऊन टाकी आणि संध्याकाळी झाडूबरोबर बाहेर जाई. एवढा सज्जड पुरावा रोज इमानेइतबारे कचऱ्यात जाताना मी बघितला आहे.

मास्तरांना वाटलं, पाय पुन्हा बसला असेल. त्यांचे गुडघे धरलेले होते, फार वाकता येत नव्हतं. त्यांनी पहारीने मशीन किंचित उचललं आणि पायानेच माझ्याखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा सारला. त्या दिवशी जरा बरं कापलं गेलं असं त्यांना वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिरकं. मग दुसरा तुकडा. वर्षभरात माझ्याखाली पुठ्ठ्याचे सात थर झाले आणि मी जाड झाले म्हणून कुणाला आश्चर्यही वाटलं नाही.

शेवटी व्हायचं ते झालं. एका मोठ्या दवाखान्याची सहाशे रजिस्टरं परत आली. समासाची जागा वर दोन बोटं आणि खाली दीड. दवाखान्याच्या माणसाने एक रजिस्टर टेबलावर उभं केलं, ते किंचित एका बाजूला झुकून उभं राहिलं. “आमचे पेशंट असे उभे राहतात,” तो म्हणाला. “रजिस्टर तरी सरळ असू द्या.”

तो गेल्यावर मालकांचे बूट करकरत मशीनपाशी आले. मग खाली बघत म्हणाले, “मास्तर, तुम्हाला आता किती वर्षं झाली हो इथे?”

“बावीस.”

“बावीस म्हणजे पुष्कळ झाली.” मालक खाकरले. “मी काय म्हणतो, या महिनाअखेरीपर्यंत बघू. तोवर सुधारलं तर उत्तमच. नाहीतर ओळखीचा एक माणूस आहे, मशीन त्याच्याकडे देऊ. तुम्ही खुर्चीत बसून पानं मोजा. हाताला विश्रांती.”

मित्रांनो, बावीस वर्षं ज्याला मास्तर म्हणून हाक मारली त्याला पानं मोजायला बसवणं म्हणजे काय, हे मालकांना कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर ते बुटांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मास्तर एक गोष्ट करू लागले. सगळे बाहेर गेले की ते एक कोरा कागद दोन बोटांत धरून हात लांब करत आणि कागद थरथरतो का ते बघत. पंखा चालू असला की थरथरे. मग ते पंखा बंद करत आणि पुन्हा धरत. दम रोखून धरल्यामुळे त्यांच्या बुटांचे चवडे आवळले जात, ते मला दिसे. कागद कधी हले, कधी हलत नसे. हलला की ते म्हणत, “हं.” नाही हलला तरी म्हणत, “हं.”

अशा वेळी मालकांचे मेव्हणे आले. ते एका कचेरीत साहेब होते आणि प्रश्न कसे सोडवावेत याच्या दोन दिवसांच्या शिबिराला नुकतेच जाऊन आले होते. शिबिरात त्यांना एक जाड वही, एक प्रमाणपत्र आणि भरपूर उत्साह मिळाला होता.

“दाजी, तुम्ही प्रश्नाकडे प्रश्न म्हणून बघताय, तिथेच चुकतंय,” ते मालकांना म्हणाले.

“मग कशा म्हणून बघू?”

“संधी म्हणून!”

“सहाशे रजिस्टरं परत आलीत. एवढी संधी ठेवू कुठे?”

तरी त्यांनी सगळ्यांना मावशींच्या टेबलाभोवती बसवलं, चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, तिरकं का कापलं जातं याचं खरं कारण प्रत्येकाने न लाजता लिहा. नाव लिहू नका. चौघांत नाव न लिहून काय लपणार होतं कोण जाणे. मग त्यांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या.

पहिलीत होतं, ‘पातं हलक्या लोखंडाचं आहे.’ ती मालकांची.

दुसरीत होतं, ‘कामाच्या ठिकाणी सकारात्मकतेचा अभाव.’ ती मेव्हण्यांची स्वतःची.

तिसरीत होतं, ‘माझे हात.’

मेव्हण्यांनी ती घाईने घडी करून ठेवली आणि चौथी चिठ्ठी उघडली. ती कोरी होती.

“मावशी, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?”

“मला कारण माहीत नाही. मग लिहू काय?”

“अहो, अंदाज तरी लिहायचा.”

“अंदाज तर तिघांनी लिहिलेत की,” मावशी म्हणाल्या. “आता एकाला तरी माहीत नसू दे.”

मेव्हण्यांच्या वहीत या उत्तरासाठी रकाना नव्हता. त्यांनी एक तक्ता भिंतीवर चिकटवला, चहा घेतला आणि ते गेले. मावशींनी तो तक्ता काढला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीचा कागद चांगला जाड आहे, पुढेमागे कामाला येईल, एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मावशींनी एक साधं काम सुरू केलं. मास्तर रोज सकाळी पहिला गठ्ठा कापत, तेव्हा कडेची जी लांब पट्टी निघून पडे, तिच्यातली एक त्या उचलून ठेवू लागल्या. गठ्ठा सरळ कापला गेला असेल तर ही पट्टी दोन्ही टोकांना सारख्या रुंदीची निघते. तिरका गेला असेल तर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला उंदराच्या शेपटीसारखी. मावशी पट्टीवर वार लिहीत आणि खिडकीच्या दोरीला चिमट्याने लटकावत. एवढंच.

“हे काय तोरण लावलंय?” मालकांनी विचारलं.

“तुम्हाला काय त्रास होतोय का त्याचा?”

“त्रास नाही, पण काम सोडून...”

“काम सोडून कुठे? कचराच उचलतेय.”

मास्तरांनी मात्र दोरीकडे पाठ फिरवली होती. आपल्या चुका कुणी वाळत घातलेल्या बघायला कुणाला आवडेल? एकदा ते कडवटपणे म्हणाले, “मावशी, रोज तेच तेच कशाला टांगता? वाकडं ते वाकडंच.”

“रोज तेच आहे की नाही, तेवढंच बघायचंय मला.”

तीन आठवड्यांनी, महिना संपायला पाच दिवस असताना, मावशींनी अठरा पट्ट्या दोरीवरून काढल्या आणि टेबलावर वारांप्रमाणे मांडल्या. सोमवारच्या खाली सोमवार, मंगळवारच्या खाली मंगळवार. मग म्हणाल्या, “मास्तर, जरा इकडे या. मालक, तुम्हीही या.”

दोघे आले. पंधरा पट्ट्या उंदराच्या शेपट्या होत्या. तीन जवळजवळ सरळ होत्या. त्या तिन्ही गुरुवारच्या होत्या.

“योगायोग,” मालक म्हणाले.

“एकदा झाला असता तर मीही म्हटलं असतं.” मावशींनी मास्तरांकडे बघितलं. “मास्तर, एक सांगा. दर गुरुवारी तुमचे हात तरुण होतात का?”

मास्तरांनी आपले हात टेबलावर ठेवले आणि ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे बघत राहिले.

मित्रांनो, इथे एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. वर्षभर सगळ्यांनी वाकड्या गठ्ठ्यांचा काथ्याकूट केला होता. सरळ गठ्ठ्याची कुणी चौकशीच केली नव्हती. सरळ आलेलं काम गुपचूप बांधून निघून जातं, त्याची तक्रार घेऊन कोण येणार?

मग त्यांनी गुरुवारी वेगळं काय होतं याचा शोध घेतला. काहीच होत नव्हतं. तोच कागद, तेच पातं, तोच चहा. मालक कंटाळून उठायला लागले, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, “गुरुवारी काही होत नाही. पण बुधवारी एक गोष्ट होत नाही.”

“म्हणजे?”

“बुधवारी ही भिंत गप्प असते. एरवी दिवसभर आत पाण्याचा खळखळाट चालू असतो. माझे कान तिथेच असतात ना.”

वरच्या न्हाव्याचं दुकान दर बुधवारी बंद असे. हे सगळ्यांना माहीत होतं. मालक स्वतः दोनदा बुधवारी दाढी वाढलेल्या तोंडाने वर जाऊन परत आले होते.

तेव्हा अकरा वर्षांत पहिल्यांदाच मालक गुडघे टेकून मशीनखाली वाकले. मला त्यांचा चेहरा त्या दिवशी प्रथम स्पष्ट दिसला. बुटांच्या मानाने बराच साधा होता. त्यांनी कातरणं बाजूला सारली आणि हात ओला झाला म्हणून दचकून मागे घेतला.

मला वाटलं, चला, आता पाण्याला पकडतील आणि मी जिवंत साक्षीदार म्हणून मिरवेन. पण मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. “पाणी आहे ते दिसलं. पण पाण्याने कागद तिरका कसा होईल? त्या पायाखालचं सगळं काढून बघा ना.” तेव्हा पहारीने मशीन उचलून मला बाहेर काढलं, सातही थरांसकट. मावशींनी मला मोजपट्टीने मोजलं आणि खिडकीत उन्हात ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं. मी दोन रेघा बारीक झाले होते.

मित्रांनो, ते ऐकून माझी काय अवस्था झाली ते काय सांगू! फरशी आपल्या जागी होती, अकरा वर्षं होती तेवढीच बसकी. ओल धरून फुगत होते ती मी. माझ्याखालचे पुठ्ठे तर माझ्याहून अधिक. आम्ही फुगलो की मशीनचा एक पाय उचलला जाई, वरचं सगळं किंचित पिळलं जाई, आणि मास्तर गठ्ठा कितीही सरळ लावोत, तो तिरकाच कापला जाई. बुधवारी पाणी बंद, म्हणून गुरुवारी सकाळी आम्ही जरा वाळलेलो. वर्षभर मी खालून या माणसांची कीव करत होते, की यांना मूळ दिसत नाही. मुळावर मीच बसले होते.

नळ दुरुस्त करणारा आला, चार फरशा निघाल्या, जोड बदलला. फरशी नीट पक्की बसवली आणि चारही पायांखाली लोखंडी चकत्या आल्या. ज्या रविवारी हे काम झालं, तो अकरा वर्षांपूर्वी ठरलेलाच होता, एवढंच. पुठ्ठे सरळ राहू लागले. वास गेला. दार आता मोकळं उघडतं, फक्त वर दोन बोटांची फट राहिली आहे, कारण ते उगीच रंधलं होतं. तिथून वारा येतो. मेव्हण्यांनी ही हकिकत आपल्या कचेरीत चिठ्ठ्यांच्या पद्धतीचं यश म्हणून सांगितली, असं कानावर आलं.

महिनाअखेरीला मालक मास्तरांपाशी आले. बूट करकरले, थांबले. “मास्तर, माझं जरा चुकलंच.”

“तुमचं काय चुकलं?” मास्तर म्हणाले. “तुम्हाला नुसती शंका होती. मी तर लिहून दिलं होतं.”

ओळखीच्या माणसाला निरोप गेला, की यायची गरज नाही.

मी आता मावशींच्या खणात असते, जुन्या ब्रशांच्या शेजारी. बरीच थकले आहे. कडा झिजल्या आहेत आणि पुन्हा कशाखाली जायची हौस उरलेली नाही. तरी तुम्हाला एक विनंती करते. पाचर लावायची असेल तर खुशाल लावा. घाईच्या वेळी लावावीच लागते, त्यात कमीपणा नाही. पण तिच्यावर लावल्याची तारीख लिहून ठेवा, आणि काढायची तारीखही. आणि काही बिघडलं, तर आधी ते कधी बिघडत नाही तेही बघा. माणसाच्या हातांना नावं ठेवायला फारसा वेळ लागत नाही, विशेषतः ते आपलेच असले तर. त्याआधी एकदा खाली वाकून बघा. गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या कुणाला तरी वाकायला सांगा.

गेल्या शुक्रवारी एक गठ्ठा तिरका कापला गेला. मास्तरांनी मशीन थांबवलं. फरशी चाचपली, कोरडी होती. चारही पाय बघितले, पक्के होते. पात्याची धार बघितली, गठ्ठा टेकवायची मागची पट्टी बघितली, भिंतीला कान लावला. मावशी हातातला ब्रश तसाच धरून बघत होत्या.

“काय निघालं?” त्यांनी विचारलं.

“हा दोष हाताचाच,” मास्तर म्हणाले.

चाळीस वह्या वाया गेल्या.